मागून येणारा माणूस

नोव्हेंबर लागला की आमच्या गल्लीत पानं उडवणारी माणसं येतात. पाठीवर यंत्र, हातात सोंडेसारखी नळी, कानांवर जाड ठोकळे. ओली पानं या कडेची त्या कडेला ढकलत ती दिवसभर घरघरत राहतात आणि दुसऱ्या दिवशी पानं पुन्हा होती तिथेच. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेलेली असतात, त्यामुळे चहाच्या वेळेलाच बाहेर काळोख. ऑक्टोबरची सोनेरी झाडं आणि डिसेंबरचे नाताळबाजार, दोन्हींचे फोटो इथली, जर्मनीतली, सगळी मराठी मंडळी घरी पाठवतात. नोव्हेंबरचा फोटो कुणी पाठवत नाही. काय पाठवणार? नदीकडून चढत येणारं धुकं, त्यात अर्ध्यावरच विझल्यासारखे दिसणारे दिवे, बसमध्ये ओल्या कोटांचा कुबट वास. हा ऋतू मला पूर्वी नुसता कंटाळवाणा वाटायचा. बाबा आले त्या वर्षापासून मला त्याची चीड येते.

बाबा म्हणजे सचिनचे, माझ्या नवऱ्याचे, वडील. तासगावच्या एस.टी. स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे ते माईकवरून सांगायला लागले की बाकड्यावर झोपलेला माणूससुद्धा पिशवी सावरत उठून बसायचा म्हणे. आवाज तसा होताच. भरदार, जरा खालच्या पट्टीतला, शब्द सुटा सुटा. गणपतीत ते नाटकात काम करायचे. भूमिका भालदाराची का असेना, तो भालदार घरून काय जेवून आलाय, त्याचा मुलगा काय करतो, हे सगळं मनात ठरवल्याशिवाय ते रंगमंचावर पाऊल टाकत नसत. सासूबाई गेल्या आणि तासगावचं घर त्यांना खायला उठलं. सचिनने आग्रह करकरून त्यांना आमच्याकडे आणलं.

आमचं गाव हेर्त्सोगेनआउराखपासून बसने थोड्या अंतरावर. सचिन तिकडच्या एका कंपनीत बेअरिंग डिझाइन करतो, मी न्युरेनबर्गला सॉफ्टवेअर टेस्टिंग. आमची मुक्ता तेव्हा अकरावीत होती. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर जर्मनमध्ये येतं. बाबांनी त्यावर कधी तक्रार केली नाही. ते मराठीत विचारायचे, ती जर्मनमध्ये सांगायची, आणि दोघांचं बरं चाललेलं असायचं. फिरायला म्हणून ते रोज दुपारी नदीकाठच्या वाटेवर जायचे. सचिनचा जुना लांब काळा कोट, डोक्याला कानटोपी, हात पाठीमागे, आणि ओठांत एक गुणगुण. तिला शब्द नव्हते. मुक्ता तान्ही असताना सुट्टीत तासगावला नेली की याच गुणगुणीवर ते तिला निजवायचे. येईल त्याला ते ‘ग्र्युस गॉट’ म्हणायचे. इथला नमस्कार त्यांनी पहिल्याच आठवड्यात उचलला होता.

“अगं मनीषा, हा तर आपला रामरामच झाला की,” ते मला म्हणाले. “देवाचं नाव घेऊनच बोलत्यात माणसं. चांगली असणार.”

शाळेत मुक्ताने त्या वर्षी चित्रपटाचा विषय घेतला होता. त्यांना एक काम दिलं होतं: थ्रिलरचा फक्त आरंभ करायचा. पहिली काही मिनिटं. संवाद एकही नाही. खून, रक्त, पिस्तूल काही नाही. नुसत्या दृश्यांनी आणि आवाजांनी बघणाऱ्याचा श्वास अडकला पाहिजे. मुक्ताच्या गटात आणखी दोघंजण होते. यान कॅमेरा करणार, लेना अभिनय. मुक्ताने आवाज मागून घेतला. माइकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपी घातलेला एक रेकॉर्डर घेऊन ती घरभर हिंडायची. फ्रिजची गुरगुर, जिन्यातल्या दिव्याची टकटक, भिजलेल्या पानांवर बूट पडल्याची चपचप. सतराव्या वर्षी मुलं घरात असून नसल्यासारखी असतात. त्या दिवसांत मात्र ती मला दिसत होती, बोलत होती. मला आनंद झाला होता, हे मी नाकारत नाही.

एकदा मी कणीक मळत होते. ती म्हणाली, “आई, डोळे मिट.” मग जर्मनमध्ये समजावायला लागली. मी डोळे मिटले. कुठेतरी खुर्ची सरकली. फरशीवर, अगदी हळू, अगदी थोडी. मग काही नाही. मी थांबले. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा खुर्ची, पण या वेळी जवळून. माझ्या मानेवर काटा आला आणि मी डोळे उघडले. ती ओट्याला टेकून हसत होती.

“गेनाऊ!” ती म्हणाली. हेच. मग बोटांवर मोजत सांगू लागली. माणूस पूर्ण दाखवायचा नाही. बूट दाखवायचे, हात दाखवायचा, कोटाची कड दाखवायची. चेहरा लपवला की बघणारा स्वतःच चेहरा तयार करतो आणि तो कुठल्याही नटाच्या चेहऱ्यापेक्षा भयानक असतो. आवाज आधी आणायचा, माणूस नंतर. आणि कॅमेरा एका जागी इतका वेळ ठेवायचा की बघणारा मनात म्हणेल, पुरे, आता हलव. तेव्हा हलवायचा नाही. भीती बघण्यात नसते, आई, वाट बघण्यात असते.

मी कौतुकाने तिच्याकडे बघत राहिले. किती हुशार पोरगी, असं वाटलं. हे सगळं शिकून ती ते कुणावर वापरणार आहे, असा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

थ्रिलरसाठी त्यांना एक ‘माणूस’ हवा होता. बाबांना विचारलं तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेच. “सिनेमात? माझं संवाद किती?”

“संवाद नाहीयेत बाबा,” मी म्हटलं.

ते जरा हिरमुसले. मग म्हणाले, “असू दे. चालण्यातनं बी माणूस कळतो.” त्या रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी तासगावला तीन-चार घरी फोन लावून सांगून टाकलं की नात सिनेमा काढतेय आणि आपण त्यात आहोत.

चित्रीकरण नदीकाठी झालं, बाबांच्या नेहमीच्याच वाटेवर. शनिवारची दुपार कलली होती. धुकं दाट होतं, फुटबॉलच्या मैदानाचे दिवे पिवळ्या डागांसारखे. मी थर्मासमध्ये चहा घेऊन गेले होते. यानने बाबांना आपादमस्तक पाहिलं, कोट आणि कानटोपी पाहिली, आणि त्याचा चेहरा उजळला. कपडे बदलायचे नाहीत, असंच चालायचं, म्हणाला. मग तो ओल्या पानांत पोटावर झोपला आणि कॅमेरा जमिनीला टेकवला.

“अरे पोरा, ऊठ, सर्दी होईल,” बाबा मराठीत म्हणाले. यान हसला आणि अंगठा दाखवला.

बाबांनी मुक्ताला बाजूला घेतलं. “मला एवढं सांग, मी आहे कोण? कुठनं आलोय, कुठं निघालोय?”

मुक्ता लाइट आणि अंधाराच्या घाईत होती. “आजोबा, डू बिस्ट आइनफाख आइन मान,” ती म्हणाली. तुम्ही फक्त एक माणूस आहात. चालायचं. लेना पुढे, तुम्ही मागे. बस.

‘फक्त एक माणूस’ बाबांना पुरणार नव्हता. चहाचा कप हातात घेऊन ते नदीकडे बघत उभे राहिले. नाटकाच्या तालमीत ते असेच उभे राहत असतील. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, “ठरलं. ही पोर शिकवणीहून परत निघालीय. अंधार पडलाय, रस्त्यावर कोण न्हाई. मी तिला वळखत न्हाई, पण मला नात हाय. मग मी तिच्या मागनं चालतो. तिला कळू न देता. तिच्या घराचा दिवा लागलेला बघितला की मी माझ्या वाटेनं जाणार.”

आणि ते तसेच चालले. पुन्हा पुन्हा चालले. लेना थबकली की थबकायचे, ती भरभर निघाली की त्यांचीही पावलं वाढायची, कारण पोर घाबरलीय असं त्यांना वाटायचं. काळजीने त्यांचा श्वास लागला. मुक्ताने रेकॉर्डरची काठी त्यांच्या तोंडाजवळ धरली. “आजोबा,” ती चक्क मराठीत म्हणाली, “ते गाणं म्हणा ना. माझं झोपायचं.” तिने मराठीत मागितलं म्हणून बाबांचे डोळे भरले. त्यांनी गुणगुण सुरू केली. धुक्यात, त्या काळ्या कोटात, त्या मुलीला धीर यावा म्हणून. शेवटच्या शॉटला यानने त्यांना कॅमेऱ्यावर वाकून बघायला सांगितलं, खालून बॅटरी लावली. बाबांनी तिथे मान जरा कलती करून हसून दाखवलं. घरी पोचली एकदाची, असं ते हसू होतं.

डिसेंबरात शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या गटांच्या फिल्म दाखवल्या. पालक आले होते, टेबलांवर नाताळची बिस्किटं, मुलांसाठी गरम फळांचं सरबत. बाबांनी टाय लावला होता. आम्ही चौघंजण दुसऱ्या रांगेत. मुक्ता माझ्या डाव्या हाताला, नखं कुरतडत.

दिवे गेले. पडदाही काळाच राहिला. आधी फक्त आवाज: पानांवर बूट. चपचप, थांबा, चपचप. मग वाट दिसली, कुणी नसलेली, आणि कॅमेरा तिच्यावर रोखलेलाच राहिला. लोकांनी खुर्च्यांत चुळबुळ केली. मग लेनाची मान, अगदी जवळून, कानामागची बट. मग जमिनीलगत, चिखलात, दोन मोठे काळे बूट. चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी माझ्याच हाताने मी त्यांना पॉलिश केलं होतं. मग एक हात, सुरकुतलेला, मनगटाला लाल दोरा. तो देवळातला दोरा पडद्यावर एवढा मोठा झाला होता की कसल्यातरी भलत्याच पंथाची खूण वाटावी. श्वास. तो काळजीने लागलेला श्वास मुक्ताने इतका पुढे आणला होता की तो माझ्याच कानात पडत होता. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. मग ती गुणगुण आली. मुक्ताने ती संथ केली होती, खाली ओढली होती, विहिरीच्या तळातून यावी तशी. मला ती ओळखायला वेळ लागला. बाबांनी लगेच ओळखली. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला.

लेना पळू लागली. बूट पळू लागले. एकाएकी सगळा आवाज तोडला. आणि त्या शांततेत, खालून, उजेडात, बाबांचा चेहरा. हसणारा.

हॉलमध्ये किंकाळी उठली. मग हसणं, मग टाळ्या, मग कुणीतरी शिट्टी वाजवली. आमच्या मागच्या रांगेतला एक मुलगा मित्राला म्हणाला, “काय भयंकर आहे रे तो माणूस.” जर्मनमध्ये म्हणाला, पण असं बोलणं समजायला भाषा लागत नाही. बाबा माझ्याकडे वळले.

“मनीषा, हा मी हाय?”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? पडद्यावर दुसरं कुणी नव्हतं.

मुलांच्या शिक्षिका मंचावरून खाली उतरून आल्या. मुक्ताला त्यांनी मिठीच मारली, आवाजाचं काम व्यावसायिक लोकांसारखं झालंय म्हणाल्या. मग बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, की अशा भूमिकेला यांचा चेहरा अगदी परफेक्ट आहे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तेच तर. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं.

“काय म्हणत्यात?” बाबांनी सचिनला विचारलं.

“तुमचा चेहरा फोटोजेनिक आहे म्हणतात, बाबा,” सचिन म्हणाला. बाबांनी टायची गाठ चाचपली आणि शिक्षिकेला ‘ग्र्युस गॉट’ म्हटलं, जरी निघण्याची वेळ झाली होती.

घरी आल्यावर ते मुक्तासमोर बसले. रागावून नाही. तालमीनंतर दिग्दर्शकाशी बोलावं तसे. “पोरी, मी तिला राखत होतो. तू उलटंच दाखवलंस.”

मुक्ता दमलेली, आनंदात होती. फोन सारखा वाजत होता, अभिनंदनं येत होती. आजोबा, फिल्म आहे ही, ती जर्मनमध्ये म्हणाली. आणि मग खांदे उडवून, “दास झीट मान हाल्ट निष्ट.”

“काय?” बाबांनी मला विचारलं.

“ते दिसत नाही ना पण, म्हणतेय,” मी सांगितलं.

बाबांनी मान डोलवली. त्यांना ते पटलेलं दिसलं. तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

मी मात्र मुक्ताला सोडलं नाही. तिच्या खोलीत जाऊन विचारलं, यानचा आजोबा रोज कुत्रा घेऊन त्याच वाटेवर फिरतो, तो का नाही घेतलास? तिने वाजणारा फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, यानने विचारलं होतं, पण सगळेच हसले. त्याच्या आजोबाला कोण घाबरणार?

“आणि माझ्या सासऱ्यांना घाबरणार, हे तुला माहीत होतं.”

“मला नाही, आई. त्या सगळ्यांना माहीत होतं,” ती म्हणाली. पाचवीपासून तिच्या डब्याला नाकं मुरडणारी, तिचं नाव मुद्दाम मोडून म्हणणारी हीच मुलं, आणि आज पहिल्यांदा सगळ्या हॉलने तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, हे मला कळत नाही का, असं तिने मला विचारलं. कळत होतं. कळलं म्हणून कडूपणा कमी होत नाही. पोर टाळ्यांना इतकी भुकेलेली असताना आम्ही दोघंही ऑफिसात होतो, हेही मला त्याच खोलीत कळलं.

सचिन म्हणाला, शाळेची फिल्म आहे, जास्त ताणू नकोस.

फिल्म मुलांच्या फोनवरून गावभर गेली. सोमवारी बाबा नेहमीसारखे नदीवर गेले आणि लवकर परत आले. खेळाच्या मैदानाजवळ दोन लहान मुलांनी त्यांना पाहिलं, ती संथ गुणगुण तोंडाने काढली आणि हसत किंचाळत पळून गेली. बाबांनी ते मला नक्कल करून दाखवलं. हसवायला म्हणून. मग एक बाई बाबागाडी घेऊन येत होती, ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. “आधी बी जात असंल,” बाबा म्हणाले. “मी बघत नव्हतो एवढंच.”

त्यानंतर ते फिरायला गेले नाहीत. थंडी फार आहे म्हणायचे. गुणगुण बंद झाली, ती कधी बंद झाली ते मला कळलंसुद्धा नाही. खिडकीशी बसून पानं उडवणाऱ्यांकडे बघत बसायचे आणि खालून कुणी वर पाहिलं की खुर्ची मागे घ्यायचे. तिकीट फेब्रुवारीचं होतं, ते नाताळानंतर लगेचचं करून घेतलं. फ्रँकफर्टला सोडायला मी आणि सचिन गेलो. मुक्ताला त्या दिवशी यानच्या घरी पुढच्या फिल्मची मीटिंग होती. सिक्युरिटीच्या रांगेत गणवेशातल्या माणसाने इतक्या लोकांतून बाबांना बाजूला घेतलं आणि त्यांची पिशवी उलटी केली. नेहमीचीच तपासणी असेल. बाबांनी हात वर केले, आणि हसले नाहीत. हसू नये, हे ते इथे शिकले होते.

हल्ली संध्याकाळी सचिन टीव्हीवर काहीतरी लावतो. पहिलंच दृश्य ओला रस्ता, एक दिवा, चेहरा न दिसणारा माणूस. संगीत खाली कुठेतरी दबा धरून बसलेलं. सचिन पुढे सरकून बसतो. मला मात्र प्रश्न पडत राहतात. याचे बूट ओले झालेत, याला घर आहे का? हा कुणाची काळजी करत चाललाय? ज्याने कॅमेरा इतका खाली ठेवला, त्याला वर बघायला काय झालं होतं? सचिन म्हणतो, तुझ्याबरोबर काही बघण्यात मजा नाही राहिली.

आम्ही दर वर्षी बाबांना या म्हणतो. दर वर्षी गुडघा, नाहीतर कुणाचं लग्न, नाहीतर छपराचं काम. मुक्ता आता बर्लिनला चित्रपटाचा आवाज शिकते. तिच्या प्रवेशाच्या वेळी तिने जी कामं पाठवली, त्यांत ती फिल्म पहिली होती. तिथल्या परीक्षकांनाही आवडली म्हणे.

या उन्हाळ्यात ती एकटी तासगावला जाऊन आली. कशाला, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परवा, या नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी, ती घरी आली, ओला कोटही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सांगू लागली. मराठीत. अडखळत, शब्द शोधत.

आजोबांनी तिचे सगळे लाड केले. रोज तिच्या आवडीचं जेवण. माफी मागायला ती गेली होती, ती त्यांनी पुरती मागूही दिली नाही. “लहान होतीस, झालं गेलं,” म्हणाले आणि ताटात आणखी एक भाकरी वाढली. एका संध्याकाळी दोघं आत्याकडून पायी परत निघाले. लाइट गेलेली. गल्ली अरुंद, कुत्री भुंकत होती, दोन माणसं शेजारी चालू शकत नव्हती. ती पुढे झाली, आजोबा मागून येतील म्हणून. आजोबा थांबले. तिला बाजूला करून स्वतः पुढे गेले.

“मी म्हटलं, आजोबा, मला भीती वाटते, तुम्ही मागे राहा ना,” मुक्ता म्हणाली. “ते म्हणाले, न्हाई पोरी, आता मी कुणाच्या मागनं चालत न्हाई. आणि भरभर चालत गेले. एकदाही वळून बघितलं नाही.”

ती ओट्याची कड नखाने खरवडत राहिली.

“आई, माझ्या मागे कुणीच नव्हतं. घरापर्यंत. काही आवाजच नव्हता.”

ती माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं, अशी वाट बघत होती. मी गॅस लावला आणि चहाचं आधण ठेवलं. तिची समजूत मी घातली नाही.